मारा की छापा

आमचे जावईबापू भित्रे होते. होते कसले, आहेत! जीभच हासडली पाहिजे माझी. भित्रे आहेत, आणि साधेसुधे नाहीत, नंबर एकचे आहेत. कुत्र्याला भितात, लिफ्टला भितात, फुगा फुटला तरी दोन फूट उडतात. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्या हातातला कप बशीत इतका खडखडत होता की मी शेवटी बशी काढून घेतली. पोरगी आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "आई, जरा हसत बोल ना, त्याला वाटतंय तू चावशील." मी म्हटलं, चावलेच असते, पण अंगावर मांस कुठंय?

दारं आणि शटरं बसवायचा त्यांचा धंदा. दुकानांची, गोदामांची, जिन्यांची. त्यातही यांची एक तऱ्हा आहे. दार बसवून झालं की स्वतः आत जातात, बाहेरून बंद करून घेतात आणि आतून उघडून बाहेर येतात. तोवर कामाचा दाम घेत नाहीत. गिऱ्हाईक हसतं. हे म्हणतात, "आत माणूस अडकला तर?" अहो, धान्याच्या गोदामात कोण माणूस अडकायला जातोय! पण नाही, यांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी आत अडकलेलं असतंच.

नवरा गेल्यापासून मी लेकीकडेच राहते. तीन मजली इमारत, आम्ही तळमजल्यावर. समोर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे टेलिफोन एक्सचेंजची बिनखिडक्यांची भिंत. वर उंच मनोरा. एरवी त्या मनोऱ्याचा आम्हाला उपयोग एकच, पाहुण्यांना पत्ता सांगायला. लढाई सुरू झाली आणि त्या मनोऱ्याकडे मान वर करून बघायचंही आम्ही सोडून दिलं. लेकीला तेव्हा सातवा लागला होता.

पहिल्या मजल्यावर कॅप्टनसाहेब राहतात. फौजेतून निवृत्त, एक गुडघा कामातून गेलेला, आवाज मात्र अजून मैदानावरचा. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर शाळेत भूगोल शिकवतात आणि घरी येऊन सगळेच विषय शिकवतात. एका संध्याकाळी जिन्यात या दोघांची जुंपली. मास्तरांचं म्हणणं, हल्ला तो हल्ला, त्यात प्रकार कसले करायचे? कॅप्टनसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मास्तर, तुमच्या नकाशात नदी आणि नाला एकच असतो का? मारा वेगळा, छापा वेगळा. मारा लांबून होतो. विमानातून, तोफेतून, कशातूनही. एखादी गोष्ट हेरून ठेवायची आणि मोडून टाकायची, निकामी करायची, की काम झालं. तिथं कुणी पाय ठेवत नाही. छाप्यात माणसं स्वतः येतात. थोड्या वेळापुरती जागा ताब्यात घेतात. काय हवं ते उचलतात, यंत्र असेल, कागद असतील, माणूस असेल. नाहीतर हातानं सुरुंग लावून उडवतात. आणि परत जातात."

"हाकलून लावतात म्हणून जातात," मास्तर म्हणाले.

"अजिबात नाही. परत जायचं आधीच ठरलेलं असतं. यायच्या आधी जायची वाट ठरते. ठाण मांडून बसले तर तो छापा नव्हेच, मग ते आक्रमण."

मी भाजीची पिशवी घेऊन मधल्या पायरीवर अडकलेले. म्हटलं, बाबांनो, तुमची शाळा सुटली असेल तर मला घरात जाऊ द्या. पण जावईबापू कामावरून येऊन खाली कठड्याला धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"साहेब," त्यांनी विचारलं, "समोरच्या एक्सचेंजवर यातलं काय होईल?"

"नुसतं बंद पाडायचं असेल तर मारा. आतलं काही हवं असेल तर छापा."

"आणि आम्ही? म्हणजे इमारतीतल्या माणसानं करायचं काय?"

कॅप्टनसाहेब पायरीवर टेकले. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नसावा. "मारा असेल तर जितकं खाली जाता येईल तितकं जा. तुमच्यात आणि बाहेर जितक्या भिंती, जितकं लोखंड, तितकं चांगलं. छापा असेल तर याच्या बरोबर उलटं. छापेवाल्याजवळ वेळ नसतो. बंद दार दिसलं तर तो कडी वाजवत नाही, फोडतो. अंधारात काही हललं तर कोण म्हणून विचारत नाही. तेव्हा दार उघडं, दिवा लावलेला, माणसं समोर बसलेली, हात रिकामे."

रात्री जावईबापू जेवले नाहीत. लेक म्हणाली, खा रे दोन घास. तर म्हणाले, "एका भीतीला दार लावायचं आणि दुसरीला उघडायचं. कळणार कसं कुठली आलीय ते?" मी म्हटलं, "कळेल हो, आल्यावर पाटी लावतील." ते हसले नाहीत. पोरगी माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली.

पण माणूस कामाला लागला की मग ऐकत नाही. इमारतीच्या तळघरात मोडकं सामान पडलं होतं, ते यांनी एकट्यानं उपसलं. कुठल्याशा बंद पडलेल्या शीतगृहाचं जाडजूड दार हातगाडीवर घालून आणलं, त्यावर आणखी लोखंडी पत्रा जोडला आणि तळघराला बसवलं. आतून दणकट कड्या. मग प्रत्येक मजल्यावर जाऊन समजावलं. जिन्याच्या कठड्यावर पाइप सलग वाजत राहिला तर मारा, सगळ्यांनी तळघरात. थांबून थांबून वाजला तर छापा, सगळ्यांनी आपापल्या घरात, दार उघडं टाकून, पुढच्या खोलीत, हात मांडीवर. त्याची तालीमही घेतली. मी स्वेटर विणत बसले होते. हे आले आणि हळूच माझ्या हातातून सुया काढून घेतल्या.

"आई, हातात काही नको. लांबून काय दिसेल सांगता येत नाही."

"मग काय हातांवर बसू?"

"नको, हात दिसले पाहिजेत."

आता यावर काय बोलणार, कपाळ? पण खरं सांगते, हसता हसता मीही घाबरायला लागले होते. रोज दुपारी कपडे वाळत घालताना मी कान देऊन ऐकायचे. मोटार गेली, की मारा? कुणी धावत गेलं, की छापा? आधी एकच भीती होती, ती कशीतरी उशाशी घेऊन झोपत होते. कॅप्टनसाहेबांनी आणि जावईबापूंनी शहाणपणा करून तिच्या दोन केल्या.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी दुपारी मी बटाटे सोलत होते. लेक पलंगावर पाय वर करून पडली होती. जावईबापू घरीच होते, कारण गल्लीत कुणी कामाला बोलवतच नव्हतं. आधी कानात काहीतरी दाटल्यासारखं झालं, मग आवाज, आणि स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट आत आली. माझा हात अजून बटाट्यावरच होता. पण जिन्यातून पाइप वाजायला लागला होता, सलग, थांबतच नव्हता. हे कधी तिथे पोचले देव जाणे. त्यांनी एका हातानं पाइप बडवत दुसऱ्या हातानं आम्हाला खाली ढकललं. मास्तर आपल्या बायकोला घेऊन आले, कॅप्टनसाहेब कठड्यावर अंग टाकून एकेक पायरी उतरले, वरच्या मजल्यांवरची बाकीची माणसं आली. सगळे आत आल्यावर यांनी दार ओढलं आणि कड्या घातल्या. मग दुसरा आवाज झाला. जमीन हलली, छतातून माती पडली, लेकीनं पोटावर हात धरले आणि मी तिच्यावर पडले. दार हललं नाही. मनात म्हटलं, बापू, तुमचे हात सोन्याचे.

मग सगळं थांबलं. मास्तरांनी अंगावरची माती झटकली. "झालं," म्हणाले. "मनोरा गेला असणार. संपलं एकदाचं." कुणीतरी रडायला लागलं, कुणीतरी पाणी मागितलं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

आणि मग ते ऐकू आलं. धप धप धप, जड पंख्यासारखं, डोक्यावर. येऊन निघून जाईना. तिथंच होतं. मग बाहेर गोळ्या सुटल्या, पटपट पटपट, आणि कुणीतरी ओरडलं, आणि गल्लीत बूट धावले.

मी कॅप्टनसाहेबांकडे बघितलं. मैदानावरचा आवाज पार बसला होता. "मारा वाट मोकळी करायला होता," ते कुजबुजले. "एक्सचेंजवरचा पहारा उडवला. आता हेलिकॉप्टरनं आलेत ते. हा छापा आहे."

आमची चूक कुठे झाली ते तेव्हा कळलं. आम्ही दोन्ही धडे पाठ केले होते, पण वेगवेगळे. आज हे, नाहीतर उद्या ते. एकाच्या पोटातून दुसरं येईल हे कुणाच्या टाळक्यात आलं नव्हतं, तालमीतही नाही. पाइप वाजवायला जिन्यात कुणी उरलं नव्हतं. आम्ही सगळे माऱ्यासाठी अगदी बरोबर जागी बसलो होतो, आणि छाप्यासाठी याहून वाईट जागा नव्हती. अंधार, तळघर, आतून बंद केलेलं लोखंडी दार.

"बंद दारामागे कोण आहे हे ते विचारायला थांबणार नाहीत," कॅप्टनसाहेब म्हणाले.

जावईबापू उठले. मास्तर त्यांच्या आडवे झाले. "कडीला हात लावलात तर बघा! पुन्हा बॉम्ब पडला तर? तुमची बायको आहे आत, माझीही आहे!"

"म्हणूनच," हे म्हणाले. दात इतके वाजत होते की तो एवढासा शब्दही धड निघाला नाही.

"नुसतं दार उघडून भागणार नाही," कॅप्टनसाहेब म्हणाले. "अचानक उघडलं तर त्यात काहीतरी फेकतील. कुणीतरी वर उजेडात उभं राहून सांगितलं पाहिजे. सरका, मी जातो." ते भिंतीला धरून उठले.

"साहेब, तुम्ही नको," हे म्हणाले. "तुमच्या उभं राहण्यावरूनच कळतं तुम्ही कोण ते."

मग त्यांनी कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडून माझ्याजवळ ठेवला. खिसे उलटे केले. सदरा काढला, आत काही लपवलेलं नाही हे दिसावं म्हणून, नुसत्या बनियनवर उभे राहिले. बरगड्या मोजून घ्या. माझा संताप संताप झाला. या माणसाला गल्लीतलं कुत्रं ओलांडता येत नाही आणि हा निघालाय वर! मी त्यांचा बनियन मागून घट्ट धरला. "अहो बापू, खाली बसा. तुम्हाला काही कळतं का? खाली बसा म्हणते ना!"

"आई," ते म्हणाले, "मला फार भीती वाटतेय. तुम्ही तिला धरा."

पोरगी पुढे सरकली. तिनं नुसता त्यांचा हात धरला आणि मग आपण होऊन सोडला. मी अजून बनियन धरूनच होते. तिनं माझी बोटं सोडवली.

कड्या निघाल्या. दार सताड उघडलं. वरून धुराचा आणि उन्हाचा पट्टा आमच्या पायांवर पडला आणि जो तो पाय आखडून मागे सरकला. हे पायऱ्या चढले, हात वर करून, भिंतीला खांदा घासत. माझ्या जागेवरून मला त्यांचे पोटऱ्यांपर्यंतचे पाय तेवढे दिसत होते, चपला घातलेले. वर पोचल्यावर ते ओरडायला लागले. "खाली माणसं आहेत! बायका आहेत! दार उघडं आहे! हत्यार नाही! दार उघडं आहे!" आवाज मध्येच फाटत होता, मध्येच बारीक होत होता. असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी तर दहा वर्षांत कधी आवाज चढवला नाही. पाय लटपटत होते, पण जागचे हलत नव्हते.

मग बुटांचे पाय आले. कुणीतरी काहीतरी खेकसलं. एक उजेडाचा झोत खाली आला, आमच्या तोंडांवरून फिरला, लेकीच्या पोटावर थांबला, पुन्हा फिरला. तोंड झाकलेला एक शिपाई दोन पायऱ्या उतरला. त्याच्या बंदुकीचं टोक थरथरत होतं. तोही कुणाचा तरी पोरच असेल, पण तेव्हा मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. आम्ही सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले होते. तालमीत जे कधी जमलं नाही ते सगळ्यांना एका झटक्यात जमलं. शिपाई मागे फिरला आणि वर गेला.

वर काही बोलणं झालं. यांचा आवाज आला, "दारं बसवतो साहेब, दारं." पुन्हा कुणी खेकसलं. ते चपलांचे पाय वळले. त्यांच्या दोन्ही बाजूंना बूट होते. आणि ते उंबऱ्यापलीकडे गेले. मी एवढंच बघितलं.

बाकी सगळं कॅप्टनसाहेबांनी सांगितलं होतं तस्संच झालं. ते थांबले नाहीत. चहा उकळून गार व्हावा एवढाच वेळ. तो पंख्याचा आवाज वाढला. आणि तेवढ्यात समोर असा काही धमाका झाला की उघड्या दारातून गरम हवा आत आली आणि आम्ही एकमेकांवर फेकले गेलो. जाताना एक्सचेंज उडवलं होतं. नंतर कान इतके बंद झाले होते की पंखा गेला की नाही हे कुणालाच कळलं नाही.

तळघरातलं एकही माणूस दगावलं नाही. मास्तरांचा दात पडला, बस.

आम्ही वर आलो तेव्हा गल्ली उरली नव्हती. एक्सचेंजची भिंत अख्खी रस्त्यावर आडवी झाली होती. पोरगी त्या ढिगाऱ्यासमोर उभी राहून हाका मारत होती. दोन दिवस माणसं ढिगारा उपसत होती. पहारेकरी सापडले, एक्सचेंजमधले दोघे सापडले. हे सापडले नाहीत. पण ढिगाऱ्याखालची आगही बरेच दिवस धुमसत होती, आणि आतपर्यंत कुणाला जाता आलं नाही. रेडिओवर सांगितलं, शत्रूचा छापा उधळून लावला, शत्रूनं माघार घेतली. मी उशी फेकून मारली रेडिओला. माघार म्हणे! अरे, त्यांना जायचंच होतं! कॅप्टनसाहेब त्या दिवसापासून जिन्यात बसत नाहीत. मी भेटले की मान खाली घालतात. म्हणतात, "छाप्यात माणसं नेतात, बाई. माहितीसाठी नेतात, बदल्यात सोडायला नेतात." मी विचारलं, खात्री देता का? ते कठड्याला धरून वर निघून गेले.

लेकीला मुलगी झाली. नाक बापाचं आहे. जरा खुट्ट झालं की दचकते, तेही बापाचंच.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आम्ही दोघी कचेरीत गेलो. टेबलामागचा कारकून वयानं माझ्याएवढा, चेहऱ्यानं बरा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग लेखणी उचलून विचारलं, "मारा की छापा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यानं शांतपणे समजावलं. माऱ्यात गेलेल्या माणसाचा दाखला मिळतो, मग पुढची सगळी कामं होतात. घर हिच्या नावावर होईल, पोरीला मदत मिळेल, उद्या हिला नवा संसार मांडायचा झाला तर मांडता येईल. छाप्यात नेलेल्याचं तसं नाही. तो ना जिवंतांत, ना मेलेल्यांत. त्याला दाखला नाही, काही नाही, नुसतं थांबायचं. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. "त्या दिवशी तुमच्या गल्लीत दोन्ही झालं," तो आवाज उतरवून म्हणाला. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन. सोपं करा, बाई. मारा म्हणा."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती काय विचारतेय ते मला कळलं. वर काय झालं ते तिला दिसलंच नव्हतं, ती माझ्या पाठीमागे होती. मी एकटीनं पाहिलं होतं.

"बाई, तुम्ही त्यांना नेताना पाहिलंत?" कारकुनानं विचारलं.

काय पाहिलं मी? चपलांचे पाय पाहिले. ते उंबऱ्यापलीकडे गेले एवढं पाहिलं. पुढे पंख्यापर्यंत पोचले, की त्या भिंतीखाली राहिले, देवाला ठाऊक. बॉम्ब पडला तेव्हा इतकी घाबरले नव्हते, त्या शिपायाचा उजेड तोंडावर आला तेव्हाही नाही. मारा म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं, रडून मोकळ्या झालो असतो दोघी. छापा म्हटलं तर ही पोर रोज दाराकडे बघणार, म्हातारी होईपर्यंत बघणार, आणि ते मी तिच्या गळ्यात बांधणार, पोटऱ्यांपर्यंतच्या पायांच्या जिवावर. मी टेबल धरलं.

"पाहिलं," मी म्हटलं. "चालत गेले, स्वतःच्या पायांनी. छापा लिहा."

त्यानं लिहिलं. पोरीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पहिल्यांदाच, त्या दिवसापासून पहिल्यांदाच, माझा हात धरला. तिचा हात घामानं ओला झाला होता. माझाही.